तार, तिसरा रूळ आणि मधले सांधे : ब्रिटनमधील विजेच्या गाड्यांतून

रविवार : फॅरिंग्डन

लंडनच्या पोटातून दक्षिणोत्तर जाणाऱ्या थेम्सलिंक मार्गावर फॅरिंग्डन नावाचे स्थानक आहे. बेडफर्ड किंवा केंब्रिजकडून येणारी गाडी इथवर डोक्यावरच्या तारेतून २५ किलोव्होल्टची एसी वीज घेत येते, मग पँटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारी छतावरची चौकट, खाली घेते आणि पुढे ब्रायटनकडे जाताना रुळांशेजारी बसवलेल्या तिसऱ्या रुळावरून ७५० व्होल्टची डीसी वीज घेऊ लागते. ब्रिटनमधील विजेच्या गाड्या आठवडाभर फिरून पाहायच्या ठरल्या, तेव्हा सुरुवातीला हेच स्थानक निवडले, कारण या देशात विद्युतीकरणाच्या ज्या दोन मोठ्या पद्धती शेजारी शेजारी वाढल्या, त्या इथे एका फलाटावर भेटतात.

रेडिंगला राहणारा माझा भाचा सोबतीला आला होता. मध्य रेल्वेचे डीसीवरून एसीवर रूपांतर चालू असतानाच्या काळात लोकल एका टप्प्यावर आली की डब्यातले दिवे आणि पंखे काही क्षण बंद व्हायचे, हे त्याला लहानपणापासून आठवते. "मामा, इथे तसे काही कळतच नाही, लोक मोबाइलमधून मानही वर करत नाहीत," असे तो म्हणाला आणि ते खरेच होते. गाडी थांबली, दारे उघडली, मिटली. यंत्रांचा सूर किंचित बदलला, एवढेच.

१९८८ मध्ये स्नो हिलचा जुना बोगदा पुन्हा उघडून हा मार्ग जोडला गेला आणि त्यासाठी दोन्ही प्रकारची वीज घेणाऱ्या खास गाड्या बांधाव्या लागल्या. एखाद्या गाडीला हा बदल जमलाच नाही तर ती बोगद्यात अडकून मागच्या सगळ्या गाड्या अडवील, या भीतीने डोक्यावरची तार पुढे सिटी थेम्सलिंकपर्यंत वाढवण्यात आली, म्हणजे रुसलेली गाडी निदान आल्या वाटेने तारेखालून परत तरी नेता येते. ही योजना शहाणपणाची आहे.

त्याच मार्गावरच्या नव्या गाड्यांनी ९ ऑगस्ट २०१९ च्या संध्याकाळी मात्र निराळाच घोटाळा केला. लंडनच्या उत्तरेस विजेच्या वाहिनीवर वीज कोसळली, पाठोपाठ लिटल बारफर्डचे वायूवर चालणारे केंद्र आणि हॉर्नसीचे समुद्रातील पवनक्षेत्र यांच्याकडून येणारा पुरवठा तुटला आणि राष्ट्रीय ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झवरून ४८.८ पर्यंत उतरली. रेल्वेच्या तारेतील वीज गेली नव्हती. तरीही ४९ हर्ट्झच्या खाली जाताच क्लास ७०० आणि ७१७ या जातींच्या सुमारे साठ गाड्यांनी स्वतःचे रक्षण म्हणून आपापली यंत्रणा बंद केली, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या चालकाला पुन्हा सुरूच करता येईनात, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरने तो अधिकार लॅपटॉप घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञापुरता राखून ठेवला होता. शुक्रवारच्या गर्दीच्या वेळी तंत्रज्ञ एकेका गाडीपर्यंत पोहोचेपर्यंत किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस येथील वाहतूक कोलमडली. ग्रिड काही मिनिटांत सावरले होते; गाड्यांना सावरायला रात्र लागली. पुढच्या दिवसांत जिथे जिथे गेलो तिथे अडचणीचे मूळ अशाच एखाद्या सांध्यात सापडले : दोन विजा, दोन कंपन्या किंवा दोन काळ जिथे जोडले गेले आहेत तिथे.

सोमवार : ब्रायटन

दक्षिण इंग्लंडमध्ये तिसरा रूळ कसा आला, हे लंडन ब्रिजहून निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरांतच आठवावे लागते, कारण या भागातील उपनगरी मार्गांवर एके काळी डोक्यावर तारा होत्या. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या कंपनीने १९०९ मध्ये ६,७०० व्होल्टच्या एसी विजेवर गाड्या चालवल्या, आणि शेजारच्या लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीने १९१५ पासून तिसरा रूळ टाकला. १९२३ मध्ये या कंपन्या एकत्र येऊन सदर्न रेल्वे झाली, तेव्हा तिचे सरव्यवस्थापक हर्बर्ट वॉकर यांनी स्वस्त आणि झटपट होणाऱ्या तिसऱ्या रुळाची बाजू घेतली. १९२९ पर्यंत तारा उतरवल्या गेल्या आणि १ जानेवारी १९३३ रोजी ब्रायटनपर्यंतचा संपूर्ण मार्ग तिसऱ्या रुळावर खुला झाला. त्या काळाच्या हिशेबाने निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. कर्ज काढून शेकडो किलोमीटर मार्ग वेगाने विजेवर आणणे त्यामुळेच शक्य झाले. त्याची खरी किंमत पुढच्या पिढ्या देत आहेत.

व्होल्टेज कमी म्हणून विद्युतप्रवाह प्रचंड, प्रवाह प्रचंड म्हणून वाटेत गळती जास्त, आणि गळती जास्त म्हणून थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन, अशी ही साखळी आहे. जास्त डब्यांच्या गाड्या आणायच्या म्हटल्या की आधी सबस्टेशनांची ताकद वाढवावी लागते. फाटकांवर आणि सांध्यांवर तिसरा रूळ तोडावाच लागतो. लांब गाडीचे पुढचे किंवा मागचे शू, म्हणजे तिसऱ्या रुळावर घासत वीज घेणारे तुकडे, कुठे तरी विजेला टेकलेले असतात, म्हणून ती अशी फट सहज ओलांडते, पण आखूड गाडी नेमकी तिथेच थांबली तर तिचे सगळे शू अधांतरी राहतात आणि तिला दुसऱ्या गाडीने ढकलून बाहेर काढावे लागते. थंडीत या रुळावर बर्फाचा पातळ थर चढला की शू आणि रूळ यांच्यामध्ये निळ्या ठिणग्या उडतात आणि गाडी आचके देत चालते. त्यावर उपाय म्हणून रात्री रुळावर द्रव फवारत फिरणाऱ्या खास गाड्या असतात. आम्ही गेलो तो नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, म्हणजे बर्फाआधीचा पानगळीचा हंगाम. चाकांखाली चिरडलेल्या पानांचा गुळगुळीत काळा लेप रुळावर बसतो आणि चाके घसरू लागतात. वेगाने पळणाऱ्या विजेच्या गाड्यांना त्याचा त्रास विशेष, कारण त्यांचा सगळा डौल चटकन वेग घेण्यात आणि चटकन थांबण्यातच असतो.

१९९१ च्या फेब्रुवारीतील बर्फाची थट्टा ब्रिटनमध्ये अजून होते. ब्रिटिश रेलच्या एका अधिकाऱ्याने आकाशवाणीवर सांगितले की यंदाच्या बर्फाचा प्रकार त्रासदायक आहे, आणि वृत्तपत्रांनी त्याचा 'चुकीचा बर्फ' करून टाकला. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. तो बर्फ पिठासारखा कोरडा आणि बारीक होता, मोटर थंड ठेवण्यासाठी हवा ओढणाऱ्या झडपांतून तो आत शिरला, वितळला आणि मोटर जळाल्या. कारण नेमके सांगणाऱ्या माणसाचीच तेवढी चेष्टा झाली.

ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॅग्नस व्होल्क याने ४ ऑगस्ट १८८३ रोजी सुरू केलेली छोटी विजेची रेल्वे आहे. चालू असलेल्यांत ती जगातील सर्वांत जुनी. सुरुवातीला ती ५० व्होल्टवर चाले आणि वीज थेट धावत्या रुळांतूनच जाई. हिवाळ्यात ती बंद असते, त्यामुळे गंजलेले रूळ पाहून आम्ही चहा घेतला आणि परतलो.

मंगळवार : वाइट बेट

आजचा दिवस मी सगळ्यात उत्सुकतेने राखून ठेवला होता. वॉटर्लूहून पोर्ट्समथ हार्बरपर्यंतचा मार्ग १९३७ मध्ये तिसऱ्या रुळावर आला; तिथून बोटीने वीस-बावीस मिनिटांत राइडच्या धक्क्यावर उतरता येते. किनारा उथळ असल्यामुळे धक्का समुद्रात जवळजवळ सातशे मीटर आत नेलेला आहे आणि गाडी त्या धक्क्याच्या टोकापर्यंत येऊन उभी राहते. बोटीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला ती पाहून प्रथम हसू येते, कारण ती लंडनच्या भुयारी रेल्वेची गाडी आहे.

याचे मूळ राइड गावाखालच्या एका बोगद्यात आहे. बोगद्यात पाणी भरते म्हणून त्याचा तळ उंच केला गेला आणि छत होते तिथेच राहिले. वाफेची इंजिने १९६६ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा मुख्य भूमीवरची कोणतीही नेहमीची गाडी या उंचीत मावेना. उंचीने ठेंगण्या गाड्या देशात एकाच ठिकाणी मुबलक होत्या : लंडनच्या खोल, गोल बोगद्यांत. म्हणून १९६७ मध्ये बेटावर तिसरा रूळ टाकून लंडनहून काढून टाकलेल्या, १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या गाड्या आणल्या गेल्या. त्या थकल्यावर १९८९ पासून १९३८ सालच्या घडणीच्या गाड्या आल्या, आणि त्या जानेवारी २०२१ पर्यंत, म्हणजे वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावरही, रोज शाळेची मुले आणि बाजारहाट करणारी माणसे नेत होत्या. संग्रहालयात ठेवावी अशी गाडी वेळापत्रकात धावते, याचे पर्यटकांना कौतुक होते. दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग घडवून घ्यावे लागत असणार, तेव्हा त्यांच्या वाट्याला किती कौतुक आले असेल, याबद्दल मला शंका आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेत रूळ चार असतात : दोन धावण्याचे, एक धन आणि एक ऋण. बेटावर तीनच आहेत, त्यामुळे परतीची वीज धावत्या रुळांतून जाते आणि इथे येणाऱ्या प्रत्येक लंडनच्या गाडीच्या विद्युतजोडणीत त्याप्रमाणे बदल करावा लागला. सध्या इथे धावणाऱ्या क्लास ४८४ गाड्यांची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. १९८० च्या सुमारास डिस्ट्रिक्ट लाइनसाठी बांधलेले ॲल्युमिनियमचे डबे व्हिवारेल नावाच्या छोट्या कंपनीने विकत घेतले, त्यांत नवी मोटर आणि नवी नियंत्रणे बसवली, आणि अशा दोन-दोन डब्यांच्या पाच गाड्या बेटावर दिल्या. डिस्ट्रिक्टचे डबे आधीच्या ठेंगण्या डब्यांपेक्षा मोठे, म्हणून पुलांखालचे आणि बोगद्यातले रूळ पुन्हा टाकावे लागले, फलाटांची उंची बदलावी लागली, आणि त्यासाठी मार्ग कित्येक महिने पूर्ण बंद होता. १ नोव्हेंबर २०२१ रोजी गाड्या सुरू झाल्या आणि २०२२ च्या अखेरीस व्हिवारेलचेच दिवाळे निघाले. डबे एका काळाचे, मोटर दुसऱ्या काळाच्या, बोगदा तिसऱ्या काळाचा, आणि हे सगळे जुळवून देणारी कंपनी आता अस्तित्वात नाही.

प्रवास मात्र छान झाला. शँक्लिनपर्यंतचे जेमतेम चौदा किलोमीटर अंतर गाडी खुशीत कापते, ब्रेडिंगला एकेरी मार्गावर गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावे म्हणून नव्याने टाकलेल्या दुसऱ्या रुळावर समोरची गाडी भेटते; तो रूळ झाल्यामुळेच अर्ध्या अर्ध्या तासाने गाडी सोडणे शक्य झाले, नाही तर आधी एक गाडी वीस मिनिटांनी आणि पुढची चाळीस मिनिटांनी असे चमत्कारिक वेळापत्रक होते. व्हिवारेलकडचे बॅटरीचे तंत्र ग्रेट वेस्टर्न रेल्वेने घेतले आणि त्याच जुन्या डिस्ट्रिक्टच्या डब्यांपासून केलेल्या एका बॅटरी गाडीने ऑगस्ट २०२५ मध्ये एका चार्जवर ३२० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले, ही गोष्ट भाच्याने परतीच्या बोटीत सांगितली.

बुधवार : पॅडिंग्टन ते कार्डिफ

ग्रेट वेस्टर्न मार्गाच्या विद्युतीकरणाचा हिशेब भाच्याला तोंडपाठ आहे, कारण रेडिंगला राहणारा प्रत्येक जण त्या कामाच्या मेगाब्लॉकांतून गेलेला आहे. जानेवारी २०१३ मध्ये केवळ विद्युतीकरणाचा अंदाज ८७ कोटी ४० लाख पौंड होता. तो वाढत वाढत २८० कोटींवर गेला. खांबांचे पाये खणताना जमिनीखाली कोणती केबल कुठून गेली आहे याच्या नोंदी अपुऱ्या निघाल्या, पूल आधी मोजलेच गेले नव्हते, आणि तारांची रचना इतकी भक्कम आखली होती की गोरिंगजवळच्या टेम्स खोऱ्यातील रहिवाशांनी तिच्या अवजड कमानींविरुद्ध चळवळ उभारली. शेवटी सरकारने खर्चाला कात्री लावली आणि बाथ, ब्रिस्टल टेंपल मीड्स, ऑक्सफर्ड ही तिन्ही नावाजलेली स्थानके तारेविना राहिली; स्वान्सीचा टप्पा जुलै २०१७ मध्ये रद्दच झाला.

परिणाम असा की जी गाडी निखळ विजेची म्हणून मागवली होती तिच्या तळाशी डिझेल इंजिने बसवावी लागली. पॅडिंग्टनहून बाथला जाणारी गाडी चिपनहॅमपर्यंत तारेखालून येते, तिथे पँटोग्राफ खाली घेते आणि पुढचा मार्ग इंजिनांच्या घरघरीत कापते. आणि तीच इंजिने ती लंडनपर्यंतच्या तारेखालूनही ओझे म्हणून वाहत असते.

डिडकॉटच्या पुढे स्टीव्हन्टन लागते. इथे संरक्षित वारशात नोंदलेला एक बुटका पूल आहे आणि त्याच्या जवळच रस्त्याची फाटके आहेत. फाटकावर वाहनांसाठी तार उंच हवी आणि पुलाखाली ती खाली यायला हवी. एवढ्या थोड्या अंतरात तिला एवढा उतार दिला की वेगाने येणारा पँटोग्राफ तारेपासून सुटतो आणि ठिणग्या उडतात. पूल पाडायला स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली. दोनशे किलोमीटरांचा वेग घेणाऱ्या गाड्यांना एका गावाच्या पुलासाठी ताशी जवळजवळ शंभर किलोमीटरवर यावे लागे. नंतर संगणकावर तार आणि पँटोग्राफ यांच्या हालचालींचे सविस्तर गणित मांडले गेले, तेव्हा उतार थोडा बदलून ताशी १७७ किलोमीटर वेग चालेल असे दिसून आले. पूल तसाच आहे. हे गणित आधी का मांडले नाही, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. त्याने खांदे उडवले.

सेव्हर्न नदीखालचा बोगदा १८८६ मध्ये खुला झाला. सात किलोमीटर लांबीच्या या बोगद्याच्या बांधकामात १८७९ मध्ये जमिनीतला एक मोठा झरा फुटला आणि तेव्हापासून आजतागायत पंप अहोरात्र चालवून त्याचे पाणी उपसावे लागते; ते दिवसाला काही कोटी लिटर भरते. अशा ओल्या, खाऱ्या, डिझेलच्या काजळीने माखलेल्या जागी लोंबती तार टिकणार नाही म्हणून छताला ॲल्युमिनियमची ताठ दांडी बसवून तिच्यात तार खोचण्यात आली. त्यासाठी २०१६ च्या शरद ऋतूत बोगदा सहा आठवडे बंद होता. वीज सोडण्याआधीच या सामग्रीला गंज चढू लागला आणि काही भाग बदलावे लागले. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये लंडन-कार्डिफ विजेच्या गाड्या वाजतगाजत सुरू झाल्या तेव्हा त्या नदीखालून डिझेलवरच जात होत्या. बोगद्यात वीज त्या वर्षीच्या जूनमध्ये आली. आम्ही काळोखात कान देऊन बसलो होतो. इंजिनाचा आवाज नव्हता.

कार्डिफ स्थानकाजवळ आणखी एक अडथळा होता आणि त्याचा उपाय मला या आठवड्यातला सर्वांत हुशार वाटला. इंटरसेक्शन ब्रिज नावाच्या रेल्वेपुलाखाली तारेला आवश्यक तेवढी मोकळी जागा नव्हती. पूल नव्याने बांधण्याऐवजी साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांच्या मदतीने पुलाच्या खालच्या बाजूला विद्युतरोधक रंगाचा थर दिला आणि तारेवर व्होल्टेजची उसळी शोषून घेणारे अरेस्टर बसवले. कोट्यवधी पौंड वाचले.

संध्याकाळी कार्डिफच्या उत्तरेकडील कोळशाच्या खोऱ्यांत जाणाऱ्या स्थानिक गाड्या पाहिल्या. तिथे याच विचाराचे पुढचे पाऊल टाकलेले आहे : बुटक्या पुलांखाली आणि अडचणीच्या जागी तार आहे, पण तिच्यात वीज नाही, ती कायमची जमिनीला जोडलेली आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आलेल्या क्लास ७५६ गाड्यांत बॅटरी असल्यामुळे पँटोग्राफ न उतरवता त्या निर्जीव तारेखालून सरळ निघून जातात. अनेक पूल पाडण्याच्या खर्चापेक्षा गाडीतली बॅटरी स्वस्त पडते, हे व्यवहारी डोके ग्रेट वेस्टर्नच्या आखणीत दहा वर्षे आधी असते तर बाथला आज तारेखालून जाता आले असते, असे मला वाटते.

गुरुवार : लिव्हरपूल

युस्टनहून लिव्हरपूलला जाताना क्रू स्थानकाच्या बाहेर एका संग्रहालयाच्या आवारात एपीटी ही जुनी झुकणारी गाडी खिडकीतून दिसते. वळणांवर आत झुकून वेग न घटवता जाणाऱ्या या गाडीची पहिली प्रवासी फेरी डिसेंबर १९८१ मध्ये ग्लासगोहून झाली. त्यानंतर थंडीने ब्रेकमधले पाणी गोठले, पत्रकारांना मळमळले, आणि गाडी काढून घेतली गेली. तिच्यातली विजेची अडचण मात्र फारशी कुणी सांगत नाही. दूर दूर दोन पँटोग्राफ ठेवले तर पुढच्याने हेलकावलेल्या तारेवर मागच्याची पकड राहत नाही, आणि झुकणाऱ्या डब्यांच्या जोडांतून २५ किलोव्होल्टची केबल नेणे त्या वेळी जमेना. म्हणून दोन्ही मोटर-डबे गाडीच्या मधोमध ठेवले. प्रवाशांना त्यांतून जाता येत नसे, त्यामुळे गाडी दोन तुकड्यांत विभागली गेली आणि खाणे-पिणे दोन्हीकडे वेगवेगळे द्यावे लागले. आज याच मार्गावर झुकणाऱ्या पेंडोलिनोचा डबा वळतो, पण पँटोग्राफ तारेशी सरळ राहील अशी यंत्रणा त्याला दिलेली आहे.

लिव्हरपूलच्या मर्सी नदीखालचा बोगदा सेव्हर्नच्याच वर्षी, १८८६ मध्ये, उघडला. तीव्र चढावर धापा टाकणाऱ्या वाफेच्या इंजिनांनी तो इतका धुराने भरून टाकला की प्रवासी पुन्हा होड्यांकडे वळले आणि कंपनी बुडीत निघाली. मे १९०३ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या पैशाने आणि सामग्रीने ती संपूर्णपणे विजेवर आली; वाफ सोडून पूर्णतः वीज स्वीकारणारी ती जगातील पहिली रेल्वे मानली जाते.

तिचाच वारसा चालवणाऱ्या मर्सीरेलवर हेडबोल्ट लेन हे स्थानक ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाले. आम्ही खास तेवढ्यासाठी तिथवर गेलो. कर्बीच्या पुढे तिसरा रूळ संपतो आणि शेवटचा एक-दीड किलोमीटर गाडी बॅटरीवर जाते. रूळ एवढाही वाढवला नाही, कारण उघड्यावर जमिनीलगत ७५० व्होल्टची लोखंडी पट्टी नव्याने टाकणे आता सुरक्षेचे नियामक सहजासहजी मान्य करत नाहीत. आज ही कल्पना कुणी प्रथमच मांडली असती तर १९८९ च्या विद्युतसुरक्षा नियमांखाली ती कागदावरच राहिली असती. म्हणजे हर्बर्ट वॉकरच्या काळातला निर्णय दक्षिणेत लाखो लोकांना रोज वाहून नेतो, आणि इथे तो हजार-दीड हजार मीटरही पुढे सरकू शकत नाही.

शुक्रवार : ग्लासगो

प्रेस्टन, शॅप, कार्लाइल, बीटॉक. १९७४ मध्ये तारा ग्लासगोपर्यंत पोहोचल्या आणि ज्या चढांवर वाफेच्या गाड्यांना मागून दुसरे इंजिन लावावे लागे, ते चढ विजेची गाडी ओलांडते आहे हे आता कळतही नाही. मेंढ्या आणि पाऊस पाहत वेळ गेला.

ग्लासगोच्या उपनगरी मार्गांवर नोव्हेंबर १९६० मध्ये निळ्या रंगाच्या विजेच्या गाड्या मोठ्या थाटात सुरू झाल्या. १९५६ मध्ये ब्रिटिश रेलने २५ किलोव्होल्टची एसी पद्धत निवडली होती, पण शहरातील जुन्या पुलांखाली आणि बोगद्यांत तेवढी मोकळी जागा नाही असे गृहीत धरून तिथे ६.२५ किलोव्होल्ट ठेवले. गाडीने वाटेत आपोआप एकावरून दुसऱ्यावर जायचे. काही आठवड्यांत गाड्यांतील ट्रान्सफॉर्मरचे स्फोट होऊ लागले, माणसे जखमी झाली, आणि डिसेंबरमध्ये सगळ्या गाड्या काढून घेऊन त्यांच्या जागी वाफेची इंजिने परत आणली गेली. निळ्या गाड्या ऑक्टोबर १९६१ मध्ये दुरुस्त होऊन आल्या. पुढे प्रयोगांती असे ठरले की २५ किलोव्होल्टला आधी समजले होते त्याहून कमी अंतर पुरते, आणि ६.२५ ची सारी भानगड हळूहळू मोडीत काढली गेली.

संध्याकाळी एडिंबरोला जाण्यासाठी आम्ही क्लास ३८५ गाडी घेतली. या गाड्यांची वीज निर्दोष होती. अडचण निघाली समोरच्या काचेत. २०१८ च्या सुरुवातीला रात्रीच्या चाचण्यांत चालकांनी तक्रार केली की गोलाकार काचेतून एका सिग्नलचे दोन दिसतात आणि कोणता आपल्या रुळाचा ते ठरवता येत नाही. काच बदलून सपाट बसवली आणि मगच, त्या वर्षीच्या जुलैमध्ये, गाड्या प्रवाशांच्या सेवेत आल्या.

शनिवार : एडिंबरो ते किंग्ज क्रॉस

पूर्व किनाऱ्याचा हा मार्ग १९९१ मध्ये एडिंबरोपर्यंत विजेवर आला आणि तो ग्रेट वेस्टर्नच्या अगदी उलट टोकाचा आहे. खर्च सरकारी मर्यादेत राखण्यासाठी इथे भक्कम कमानींऐवजी रुळांच्या दोन्ही बाजूंना खांब रोवून त्यांच्यामध्ये आडव्या तारा ताणल्या आणि सगळ्या मार्गांच्या तारा त्यांनाच टांगल्या. एका मार्गावरची तार तुटली की आडवी तार सैल पडते आणि शेजारच्या मार्गांच्या ताराही खाली येतात. एका गाडीचा पँटोग्राफ अडकला तर चारही रूळ बंद. त्यात उत्तर समुद्रावरचे वारे. बेरिकपासून गाडी किनाऱ्याने धावते तेव्हा ताणलेल्या तारांचे हेलकावे खिडकीतून दिसतात. काम वेळेत आणि स्वस्तात झाले, याचे तेव्हा कौतुक झाले. ते आजही व्हायला हवे, कारण तसे झाले नसते तर तार कदाचित न्यूकॅसलपर्यंतच पोहोचली असती. पण वादळाच्या दिवशी प्रवास करणाऱ्याला हे सांगून उपयोग नाही.

वाटेत दिवे एक-दोनदा लुकलुकले. तारेचा एक लहानसा तुकडा वीजविरहित असतो, दोन सबस्टेशनांचा पुरवठा वेगळा राहावा म्हणून. रुळांजवळ बसवलेल्या चुंबकांमुळे गाडीतील मुख्य स्विच आपोआप वीज तोडतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा जोडतो. चालकाला काहीच करावे लागत नाही.

न्यूकॅसलला मी भाच्याला तासाभरासाठी उतरवले. इथल्या शहर मेट्रोला डोक्यावरून १,५०० व्होल्टची डीसी वीज मिळते, आणि कल्याणच्या माणसाला एवढे कारण पुरेसे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली पहिली विजेची गाडी याच विजेवर होती आणि हार्बर मार्गावरची शेवटची डीसी २०१६ मध्ये गेली. ब्रिटनमध्येही दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हेच प्रमाण मानले गेले होते, आणि मँचेस्टर-शेफील्ड हा डोंगरातला मार्ग १९५४ पर्यंत त्यावर आणलाही गेला. पण तोवर एसीचा काळ आला होता, प्रवासी गाड्या १९७० मध्ये थांबल्या आणि १९८१ मध्ये मार्गच बंद झाला. १९८० मध्ये सुरू झालेल्या न्यूकॅसलच्या मेट्रोत मात्र ही वीज टिकून आहे. २००२ पासून मेट्रो संडरलंडपर्यंत राष्ट्रीय रेल्वेच्या रुळांवरून जाते, त्यामुळे त्या तुकड्यावर १,५०० व्होल्टच्या तारेखालून डिझेल गाड्या धावतात, कारण त्यांना ही वीज घेता येत नाही, आणि मेट्रो आहे तोवर तिथे २५ किलोव्होल्टही आणता येत नाही.

किंग्ज क्रॉसला उतरलो तेव्हा पलीकडच्या फलाटावर संडरलंडला निघालेली डिझेल गाडी इंजिने चालू ठेवून उभी होती. इथून नॉर्थअलर्टनपर्यंत ती साडेतीनशे किलोमीटर तारेखालून डिझेल जाळत जाते, पुढे हार्टलपूलच्या किनाऱ्यावर तार नाही, आणि संडरलंडला तार आहे ती तिच्या कामाची नाही. या गाड्यांच्या जागी २०२५ मध्ये नव्या मागवल्या आहेत. त्यांत पँटोग्राफ, बॅटरी आणि डिझेल इंजिन अशी तिन्ही असतील.